बारा पेल्यांचा हिशेब

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या घरी बारा पेल्यांवरून एक प्रसंग घडला. तो या स्मरणिकेत सांगण्याचे कारण इतकेच की, त्यात थोडी कला आहे, थोडे शास्त्र आहे, आणि गादीवर बसणाऱ्याने विसरू नये असा एक हिशेबही आहे.

आमचे दुकान भांड्यांचे. बेळगावच्या बाजारात प्रथम तांबे-पितळ, पुढे स्टेनलेस आणि त्याच्या जोडीला काचसामान, असा आमचा धंदा तीन पिढ्या चालत आला आहे. काचेचा पेला आपल्या भागाला परका नाही. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला. ओगले बंधूंचा कारखाना १९१६ चा, आणि त्यांचा प्रभाकर कंदील तर आपल्या आजोळच्या ओसरीवर अनेकांनी पाहिला असेल. परंतु साध्या पेल्याभोवती वेल-फुले उठवून, रंगवून, तोच पेला भेटवस्तू म्हणून विकता येतो, हे मात्र आम्हाला आमच्या धाकट्या सूनबाईंनी शिकविले.

त्या जे साहित्य वापरतात त्याला ‘पॉलिमर क्ले’ म्हणतात. नावात क्ले असली तरी कुंभाराच्या अर्थाने ती माती नव्हेच. खानापूरच्या कुंभाराची माती आव्यात भाजावी लागते. पेणच्या मूर्तिकारांची शाडू वाऱ्यावर वाळते आणि पाण्यात विरते. ही मात्र पीव्हीसी या प्लास्टिकची अत्यंत बारीक पूड, तिला मऊ ठेवणारे तेलासारखे द्रव्य आणि रंग यांची कणीक आहे. ती हवेत वाळत नाही. ठराविक उष्णता मिळाली की तिचे कण एकमेकांत मिसळून जातात आणि वस्तू कायमची टणक होते.

तिचा इतिहासही एका घरगुती कारखानदारीतूनच आलेला आहे. जर्मनीतील प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझ यांची कन्या सोफी, घरातले नाव फिफी, हिने अशा लगद्यावर प्रयोग करून तो विकावयास आणला. १९६४ साली तिने ती कृती एबरहार्ड फाबर या पेन्सिली करणाऱ्या कंपनीला विकली, आणि ‘फिमो’ हे नाव बाजारात रूढ झाले. त्याच दशकात अमेरिकेत ‘स्कल्पी’ हा दुसरा प्रकार पुढे आला. तो मुळात विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधील उष्णता वाहून नेण्यासाठी शोधलेला पदार्थ होता. एका कामासाठी आणलेला माल दुसऱ्याच कामाला उपयोगी पडावा, हा अनुभव आम्हा व्यापाऱ्यांना नवा नाही.

आता कृती. पेला सरळ, जाड बुडाचा आणि तडा नसलेला निवडावा. तो धुऊन, कोरडा करून स्पिरिटने पुसावा; बोटांचा तेलकटपणा राहिला तर पुढचे सर्व श्रम वाया जातात. जेथे नक्षी बसवायची तेथे लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाचा पातळ हात देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. क्ले पुरणपोळीच्या कणकेसारखी मळून मऊ करावी आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी लाटावी. त्यासाठी स्वयंपाकातील पोळपाट-लाटणे मात्र घेऊ नये. या कामाची हत्यारे कायमची निराळी ठेवावीत. पट्टी पेल्याभोवती संपूर्ण फिरवून टोकास टोक जोडावे आणि आतली हवा बोटाने दाबून काढावी. मग त्या पट्टीवर पाने, कळ्या, पाकळ्या चढवाव्यात. शिरा सुईने ओढाव्यात. खरे पान दाबून उमटविले तर शिरा आयत्याच मिळतात.

पट्टी संपूर्ण फिरविण्यात शास्त्र आहे. काच गुळगुळीत, तिला रंध्रे नाहीत. भाजलेली क्ले तिच्याशी एकजीव होत नाही, ती केवळ मिठी मारून राहते. एकटे चिकटविलेले पान आज ना उद्या गळते. कड्यासारखी वेढणारी पट्टी टिकते. पेला बुडाकडे निमुळता असेल तर सैल झालेली पट्टी खाली घसरते. मध्ये किंचित कंबर असलेला पेला त्या दृष्टीने उत्तम.

भाजताना घाई करू नये. पेला थंड ओव्हनमध्येच ठेवावा आणि नंतर उष्णता वाढवावी. बहुतेक जातींना ११० ते १३० अंश सेल्सिअस पुरतात. पाकिटावर जो आकडा असेल तोच प्रमाण मानावा. साधी काच एवढ्या उष्णतेने वितळत नाही, परंतु एकाएकी तापली किंवा एकाएकी निवाली तर तडकते. म्हणून अर्धा तास भाजून झाल्यावर ओव्हन बंद करून पेला आतच निवू द्यावा. घरगुती ओव्हनचा काटा पुष्कळदा खोटे बोलतो. आत निराळा उष्णतामापक ठेवावा. क्ले जळली तर तिच्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू निघतो. तेव्हा खिडक्या उघड्या असाव्यात आणि मायक्रोवेव्हच्या वाटेस तर जाऊच नये.

निवाल्यावर ॲक्रिलिक रंग द्यावे. गडद रंग पातळ करून सर्वत्र फासावा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसावा. तो खाचांत राहतो, उंचवट्यांवरून निघतो, आणि पाना-पाकळ्यांना जिवंतपणा येतो. शेवटी पाण्यात मिसळणाऱ्या वार्निशचा हात.

हे सर्व सूनबाईंना ठाऊक होते. आम्हाला नव्हते, आणि तरीही आम्ही दोन सूचना केल्या. त्यांची वेल काठापासून बोटभर खाली थांबत असे. आम्ही म्हणालो, “सूनबाई, वेल काठापर्यंत चढवा, दुकानात उठून दिसेल.” दुसरे असे की, त्यांचे वार्निश संपले तेव्हा आम्ही बाजारातून फवाऱ्याचा डबा आणून दिला, काम लवकर उरकावे एवढाच हेतू. त्या म्हणाल्या, “मामंजी, हा या कामाला चालतो का ते पाहायला हवे.” आम्ही म्हणालो, “वार्निश ते वार्निश.”

बारा पेले झाले. एका जुन्या गिऱ्हाइकाने लेकीच्या सासरी देण्यासाठी ते सर्वच्या सर्व नेले. आम्ही भाव सांगितला. बाकी काही सांगितले नाही.

भाऊबीज झाली आणि ते गृहस्थ पिशवी घेऊन दुकानात आले. पेले नेहमीच्या भांड्यांबरोबर रात्रभर पाण्यात भिजत पडले होते. दोन पट्ट्या निघून हातात आल्या होत्या. उरलेल्यांवरचे वार्निश चिकट झाले होते, कारण फवाऱ्यातील द्रावक क्लेचा पृष्ठभाग मऊ करतो. आणि त्यांच्या विहीणबाईंनी विचारले होते, “हा रंग ओठाला लागतो, तो पोटात गेला तर?” प्रश्न रास्त होता. ही क्ले, हे रंग आणि हे वार्निश खाण्यापिण्याच्या स्पर्शासाठी केलेले नसतात. तिला मऊ ठेवणाऱ्या द्रव्यांपैकी थॅलेट जातीच्या काहींवर मुलांच्या खेळण्यांपुरती युरोप-अमेरिकेत बंदी आली आणि उत्पादकांनी आपल्या कृती बदलल्या. तरीही काठाखालची दोन-अडीच सेंटीमीटर काच मोकळी राखावी, हाच जाणत्यांचा दंडक आहे. तोच आम्ही मोडविला होता.

आणि त्या क्षणी आमच्या तोंडून काय निघावे? “घरच्या मुलीने हौसेने केलेले काम, राव, राहिले असेल काही.” सूनबाई माडीच्या जिन्यात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, वर निघून गेल्या.

रात्री जेवताना आमच्या मातोश्रींनी एवढेच विचारले, “अरे, तुझे आजोबा डाग दिलेली घागर कशी विकत?” उत्तर आम्हाला पाठ होते. आजोबा घागर आधी उलटी करीत, डाग गिऱ्हाइकाला बोटाने दाखवीत, आणि मग भाव सांगत. मातोश्री पुढे म्हणाल्या, “आणि स्वतः दिलेला डाग तांबटाच्या नावावर कधी घातला नाही.”

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. बाराही पेल्यांचे पैसे परत केले आणि सांगितले की, वेल काठापर्यंत आमच्या सांगण्यावरून गेली, फवारा आम्ही आणला, आणि जपणूक कशी करावी हे सांगणे आमचे काम होते, ते आम्ही केले नाही. ते सूनबाईंच्या देखत सांगावयाचे म्हणून त्यांनाही बरोबर नेले होते. खरे सांगावयाचे तर, पैसे मोजून देणे सोपे गेले. ते शब्द उच्चारणे तितके सोपे गेले नाही.

यंदा सूनबाईंनी पुन्हा पेले केले आहेत. वेल काठाखाली थांबते. प्रत्येक पेल्याबरोबर त्यांच्या हस्ताक्षरातील एक चिठ्ठी असते: पेला हाताने धुवावा, भिजत ठेवू नये, ओव्हन-मायक्रोवेव्हमध्ये घालू नये, सरबताला चालेल, उकळत्या चहाला नको. चिठ्ठी वाचून काही गिऱ्हाइके पेला खाली ठेवून जातात. जी नेतात ती अद्याप एकही पेला परत घेऊन आलेली नाहीत.

ते बारा पेले आम्ही टाकले नाहीत. त्यांतील एक, पट्टी सुटलेला, गल्ल्याशेजारी ठेवला आहे. त्यात आमची लेखणी असते. भाव सांगण्यापूर्वी नजर त्याच्यावर जावी, एवढ्यासाठीच.