आई-वडिलांच्या गावी नवखे मूल

गेल्या काही वर्षांत इंदूरच्या मराठी घरांतून एक नवा बालरुग्ण आमच्या दवाखान्यात येऊ लागला आहे. त्याचा जन्म न्यू जर्सीतला किंवा कॅलिफोर्नियातला. आई-वडील मात्र इथलेच. आजी-आजोबांचे उतारवय, नोकरीतील बदल किंवा व्हिसाची अनिश्चितता यांपैकी कोणत्या तरी कारणाने कुटुंब परत येते. आई-वडिलांच्या दृष्टीने ते घरी येणे असते, मुलाच्या दृष्टीने घर सोडणे. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे पालक चुकतात आणि आपण डॉक्टरही चुकतो. मी स्वतः चुकलो आहे.

सात वर्षांचा मुलगा. शाळा सुरू होऊन सहा आठवडे झालेले आणि रोज दुपारी पोटदुखी. पहिल्या भेटीत मी जंतांचे औषध दिले, दुसऱ्या भेटीत आम्लपित्ताचे. तिसऱ्या भेटीत आजी सहज बोलून गेल्या, "डॉक्टर, शाळेतून आला की बूटसुद्धा न काढता संडासाकडे पळतो हो!" तेव्हा कुठे मी पोट नीट चाचपले. खाली डाव्या बाजूस कठीण मळाचे गोळे हाताला लागले. शाळेतला उकिडवे बसण्याचा संडास त्याने पूर्वी कधी वापरला नव्हता. शिवाय जायचे कसे विचारावे, हेही त्याला उमगत नव्हते. म्हणून त्याने स्वतःच उपाय शोधला होता : सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. मळ आणि लघवी दिवसभर रोखून धरणाऱ्या मुलास बद्धकोष्ठ जडते, मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोकाही वाढतो. परदेशातून आलेल्या मुलाच्या पोटदुखीत आपण अमीबा आणि जंत शोधतो. हा साधा प्रश्न विचारायचा राहून जातो.

विचारता का येत नव्हते, ही गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. मुलगा मराठी छान बोलत असे. आईने तिकडे कटाक्षाने मराठी जपले होते आणि "आपल्या गावी सगळे असेच बोलतात" असे त्याला सांगितले होते. गाव मात्र निघाले हिंदी बोलणारे. होळकरांच्या काळापासून आपण घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी असे राहत आलो. हा उंबरठा आपण दिवसातून दहा वेळा ओलांडतो. तो आहे हेच आपल्या लक्षात येत नाही. नवखे मूल नेमके तिथेच अडखळते. याचे इंग्रजी वर्गात कोणाला नीट कळेना, उच्चारांना मुले हसली, आणि त्याने बोलणेच सोडले. देवनागरी वाचता येत असल्याने आणखी एक गंमत झाली होती. शाळेच्या भिंतीवरचा 'शिक्षा' हा शब्द त्याने आपल्या मराठीप्रमाणे वाचला आणि त्या खोलीपासून तो चार हात दूर राहू लागला!

नव्या भाषेत पडलेली मुले प्रारंभी ऐकतात, बोलत नाहीत. हा मौनाचा काळ काही आठवडे, कधी काही महिनेही टिकतो. तो आजार नव्हे. घरी मोकळेपणाने बोलणाऱ्या आणि शाळेत केवळ भाषेच्या अपरिचयामुळे गप्प राहणाऱ्या मुलावर 'निवडक मूकत्व' असे निदान घाईने चिकटवू नये. मात्र मूल घरीही अबोल झाले, खेळेनासे झाले, झोप किंवा वजन घटले, अथवा हिंदी समजू लागल्यावरही मौन सुटले नाही, तर थांबू नये, बालमानसतज्ज्ञांकडे पाठवावे. कॅनडातील भाषाभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून दाखवून दिले आहे, की बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, परंतु अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. तेव्हा पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवरून मुलाची बुद्धी मोजू नये.

"घरी मराठी बंद करा, म्हणजे हिंदी लवकर येईल," हा सल्ला मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, काही डॉक्टरांच्याही. तो मला सर्वस्वी चुकीचा वाटतो. त्या मुलाने समुद्रापलीकडून सोबत आणलेली आणि इथे उपयोगी पडणारी एकच वस्तू म्हणजे मराठी. लिपी तीच आणि निम्मे शब्द ओळखीचे असल्यामुळे हिंदीची वाट तिथूनच जाते.

डॉक्टरांसाठी थोडे. अमेरिकेतील लसीकरणाच्या नोंदीत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. ०३/०७ म्हणजे ७ मार्च. तिथे बीसीजी व टायफॉइडच्या लसी नेहमीच्या वेळापत्रकात नसतात. राहून गेलेली बीसीजी पाच वर्षांपर्यंत देता येते; टायफॉइडची संयुग्मित लस मात्र प्रत्येकाला द्यावी. पालक 'टायलेनॉल' म्हणतात ते पॅरासिटामॉलच होय. तिकडचे द्रव ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅमचे असते, तर इथे १२०, १२५ आणि २५० अशी निरनिराळी मात्रा मिळते. दोन्ही बाटल्या घरात असल्या की दुहेरी मात्रेची चूक सहज होते. रस्त्यावरचे कुत्रे कुरवाळायचे नसते, हेही या मुलांना सांगावे लागते. चावा झाल्यास जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच रेबीजची लस सुरू करावी.

आमच्या मुलास मळ मऊ करणारे औषध दिले आणि न्याहारीनंतर घरच्या भारतीय संडासात बसण्याची सवय आजोबांनी लावली. वर्गशिक्षिकेशी आईने एक खूण ठरवून घेतली : बाकावर निळे खोडरबर उभे ठेवले, की काही न विचारता जाऊ द्यायचे. पोटदुखी तीन आठवड्यांत थांबली. बोलणे यायला त्याहून बराच वेळ लागला.

चौथ्या महिन्यात तो क्रिकेट खेळताना गुडघा फोडून घेऊन आला. आमच्या कंपाउंडरने बोळा हातात घेताच, स्पिरिट लावायचे नाही म्हणून त्याने मोठ्या आवाजात हुज्जत घातली, अस्सल इंदुरी हिंदीत. आजी त्याला मराठीत दटावत होत्या.