ओझर ते कोल्हापूर : विमानाचा वेळ आणि घरापासूनचा वेळ



बाजारभावाचा आकडा म्हणजे हातात पडणारा पैसा नव्हे, हे तुम्हांला सांगायला नको. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता उरते ते आपले. विमानाच्या वेळेचेही तसेच आहे. आता गावाकडची माणसेही विमानाने जाऊ लागली आहेत. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी हा हिशेब समजून घ्या.

नाशिकजवळचे ओझर आणि कोल्हापूरचे उजळाईवाडी हे दोन विमानतळ घ्या. मुलांच्या शाळेचा नकाशा उघडा. कोल्हापूर ओझरच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, सुमारे साडेतीन अक्षांश खाली आहे. एक अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर. म्हणजे आकाशातले अंतर झाले सुमारे ३८५ किलोमीटर. पुण्यावरून रस्त्याने हेच अंतर ४४० च्या आसपास भरते, कारण रस्त्याला घाट आणि वळणे असतात.

छोट्या मार्गांवर पंख्याची एटीआर विमाने पुष्कळ चालतात. त्यांचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. त्या वेगाने हे अंतर पाऊण तासाचे. पण विमानाला धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, वेग कमी करून उतरणे ह्याला वेळ लागतो. म्हणून सव्वा तास धरावा.

आता 'वजावट' पाहा. निफाडकडच्या घरातून ओझरला अर्धा तास. सामान देण्यासाठी व तपासणीसाठी दोन तास आधी हजर राहावे लागते. उतरल्यावर सामान मिळेपर्यंत अर्धा तास आणि कोल्हापुरात पोचायला अर्धा तास. एकूण झाले पावणेपाच तास. ताशी ५० च्या वेगाने मोटारीला पावणेनऊ तास लागतील. म्हणजे चार तास वाचले, सात नव्हे.

हे चार तासही सरळ विमान असेल तरच वाचतात. मुंबई किंवा हैदराबादला विमान बदलावे लागले, तर मोटार आधी पोचण्याचा संभव आहे. केंद्र सरकारने २०१६ साली 'उडान' योजना आणली, तिच्यातून लहान शहरे जोडली गेली. पण ह्या योजनेतली मदत एका मार्गाला तीन वर्षांपुरती असते. पुढे प्रवासी कमी पडले की मार्ग बंदही होतो. तेव्हा गेल्या वर्षी शेजारी गेला म्हणून यंदा विमान असेलच, असे धरू नका. आठवड्यातून कोणत्या वारी आहे, तेही विचारा.

मुलाची मुलाखत किंवा कोर्टाची तारीख असेल, तर आदल्या दिवशीच निघा. पावसाळ्यात ढग खाली उतरले की विमान खोळंबते. आजारी माणसाला न्यायचे असेल, तर विमान कंपनीला आधी कळवा व डॉक्टरांचा दाखला लागेल का ते विचारा. सामानाचे वजन घरीच करा. जादा वजनाला जादा पैसे पडतात.

तिकिटाचे पैसे आणि वाचणारे तास कागदावर शेजारी शेजारी मांडा. काम तातडीचे असेल तर विमान जरूर घ्या. नसेल तर रात्रीची एस. टी. आहेच.