गाडीत पाणी कुठं मुरतं?

बंगळुरूचा पाऊस कोकणासारखा आठवडाभर मुक्काम ठोकत नाही. मे महिन्यात दुपार कलली की आभाळ भरून येतं, तासाभरात झोडपून मोकळं होतं. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा तोच प्रकार. सप्टेंबर हा तर इथला सर्वांत ओला महिना. शहराच्या पूर्वेला के. आर. पुरमच्या जुन्या वस्त्यांमध्ये गाड्या रस्त्याच्या कडेला, झाडाखालीच उभ्या असतात. केए-५३ पाटीच्या, दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या अशा गाड्यांचं एक ठरलेलं दुखणं आहे. पावसाच्या दुसऱ्या दिवशी दार उघडलं की कुबट वास येतो, काचा आतून धुरकट झालेल्या असतात आणि डाव्या सीटपुढची मॅट दाबली की पचकन पाणी वर येतं.

गॅरेजमधलं पहिलं निदान बहुतेक वेळा एकच : ‘रबर गेलंय.’ दाराचं बीडिंग बदललं जातं, काचेच्या कडेनं सिलिकॉनची रेघ ओढली जाते, आणि पुढच्या वळवात गाडी पुन्हा ओली. कारण गाडी पाणी बाहेर अडवते, या समजुतीवर हा सगळा इलाज उभा आहे. प्रत्यक्षात गाडी बरंचसं पाणी आपणहून आत घेते आणि ठरवून दिलेल्या वाटेनं खाली सोडते. कौलारू घराला जशी पन्हळ, तशाच या वाटा. त्या तुंबल्या की पाणी दुसरी वाट शोधतं.

हे पाणी किती असतं? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात ज्या पावसानं बंगळुरूच्या पूर्व भागाची दैना उडवली, तेव्हा शहरात चोवीस तासांत १३१.६ मिलिमीटरची नोंद झाली होती. छोट्या गाडीची पुढची काच आणि टपाचा पुढचा भाग मिळून दीड चौरस मीटर धरला, तर जवळपास दोनशे लिटर पाणी वायपरच्या खालच्या जाळीकडे वाहत गेलं. त्यातला शंभरातला एक भाग जरी चुकीच्या बाजूला गेला, तरी दोन लिटर पाणी कार्पेटखाली.

त्या जाळीखाली पत्र्याचा एक आडवा खळगा असतो. त्याच्या दोन टोकांना भोकं किंवा रबरी नळ्या असतात. तिथून पाणी पुढच्या चाकामागे जमिनीवर पडतं. याच खळग्यात, बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला, ब्लोअरसाठी बाहेरची हवा आत घेणारं तोंड असतं. त्याला थोडा उंच काठ दिलेला असतो, एवढाच काय तो बंदोबस्त. आता झाडांकडे पाहा. गुलमोहर, पिवळा गुलमोहर यांची पर्णिका बोटाच्या नखाहूनही लहान. ती जाळीच्या फटीतून सहज आत जाते, धुळीत कालवली जाते आणि वर्षा-दोन वर्षांत नळीच्या तोंडाशी काळ्या लगद्याचं बूच बसतं. जाळी उचलून हा लगदा बोटानं काढून पाहिला तर तो चक्क कुंडीतल्या मातीसारखा भुसभुशीत लागतो. कधी त्यात रोपंही उगवलेली असतात. खळगा भरला की पाणी काठ ओलांडून ब्लोअरमध्ये उतरतं आणि ग्लोव्ह बॉक्सच्या मागून खाली टपकतं. डावी बाजूच का भिजते, याचं उत्तर पुष्कळदा इथंच मिळतं.

दारांचीही हीच तऱ्हा. खिडकीच्या काचेलगतच्या रबरी पट्टीतून पाणी दाराच्या पोकळीत जाणार, हे कंपनीला ठाऊक असतं. ते बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगानं ओघळतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. पोकळी आणि आतलं सजावटीचं पॅनल यांच्यामध्ये चिकट काळ्या डिंकानं बसवलेला प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. आपल्याकडे या पडद्याचा शत्रू म्हणजे नवा स्पीकर. स्पीकर बसवणारा तो कापतो, अर्धवट चिकटवून टाकतो, कधी गुंडाळून दाराच्या पोकळीतच सोडून देतो. मग ओघळ थेट पॅनलमागून उंबऱ्यावर आणि तिथून कार्पेटखाली. रिव्हर्स कॅमेऱ्याच्या वायरीसाठी डिकीत पाडलेलं भोक, टपावरच्या कॅरिअरचे स्क्रू, मागच्या दिव्यांची वाळलेली गॅस्केट हीही याच पंगतीतली. माझ्या मते जुन्या गाडीला वयानं जेवढी गळती लागत नाही, तेवढी हौसेनं लागते.

रबर मात्र अगदीच निर्दोष नसतं. वर्षानुवर्षं दाबलं गेलं की त्याची उसळी जाते आणि दार बंद केल्यावरही केसाएवढी फट राहते. एवढ्याशा फटीतून काय होणार, असं वाटतं. पण अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत, स्वच्छ काचेच्या दोन पृष्ठभागांमध्ये, पाणी केशाकर्षणानं सुमारे तीन सेंटिमीटर वर चढू शकतं. शिवाय वारा असतोच. ताशी ८० किलोमीटर वेगानं जाणाऱ्या गाडीवर समोरून येणाऱ्या हवेचा दाब सुमारे ३०० पास्कल भरतो. हा दाबही तीन सेंटिमीटर पाणी उचलून धरायला पुरेसा आहे. म्हणून काही गाड्या उभ्या असताना कोरड्याठाक राहतात आणि जुन्या मद्रास रस्त्यानं होसकोट्याच्या पुढे महामार्गाला लागल्या की गळू लागतात.

अँबेसेडर, पद्मिनीच्या काळात पुढची काच रबराच्या जाड चौकटीत बसवलेली असे. चौकट कडक झाली की कोपऱ्यातून पाणी. आताच्या गाड्यांची काच पॉलियुरेथेनच्या गोंदानं पत्र्याला चिकटवतात. तो गोंद वर्षानुवर्षं टिकतो, पण काच बदलताना रंग खरवडला गेला तर खालचा पत्रा गंजतो आणि गोंद त्या गंजासकट सुटतो.

शोध घेताना मोठी अडचण अशी की पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. ते पत्र्याच्या खालच्या बाजूला चिकटून, वायरींच्या जुडग्यावरून हातभर प्रवास करतं. गाडी चढावर तोंड करून उभी असेल, तर पुढून शिरलेलं पाणी मागच्या सीटखाली साठतं. कार्पेटखालचा नमदा ते आणखी पसरवतो. म्हणून आधी कार्पेट उचलून सगळं कोरडं करावं आणि संशयित जागी वर्तमानपत्र पसरावं किंवा टाल्कम पावडर भुरभुरावी. एकानं आत टॉर्च घेऊन बसावं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपानं संथ धार सोडावी. सुरुवात खालून : आधी उंबरा, मग दार, मग काच, शेवटी टप. प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटं थांबावं. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप इथं नको, तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो. दुसरा उपाय पाण्याशिवायचा. काचा बंद करून बाहेरची हवा घेत ब्लोअर पूर्ण वेगात लावायचा आणि दारा-काचांच्या कडांना बाहेरून साबणाचं पाणी लावायचं. जिथं फुगे उठतील तिथं फट.

आणि हे पाणी पावसाचंच आहे ना, याचीही खात्री करावी. एसी चालू असताना गाडीखाली थेंब पडत नसतील, तर एसीची नळी तुंबून ते पाणी आत येत असेल. ओल चिकट आणि गोडसर वासाची असेल तर ते हीटरमधून झिरपणारं कूलंट. चिखलाची रेघ दिसली तर पाणी खालून, साचलेल्या रस्त्यावरून आलंय. मे २०२५ मध्ये होरमावूचा साई लेआउट बुडाला तेव्हाचं पाणी या जातीचं.

ओल तशीच राहिली तर काचांवर धुकं का येतं, तेही गणितात बसतं. २५ अंशांना एक घनमीटर हवा सुमारे २३ ग्रॅम बाष्प धरते, १८ अंशांना जेमतेम १५. छोट्या गाडीत अशी तीनेक घनमीटर हवा असते. रात्री गार पडलं की वीस-पंचवीस ग्रॅम पाणी काचांवर. धुकं पुसता येतं. कार्पेटखालचा पत्रा मात्र आतून गंजत राहतो, आणि काही गाड्यांत वायरींचे जोड, एअरबॅगचं नियंत्रक असल्या वस्तू त्याच ओलीच्या शेजारी असतात.

सिलिकॉनबद्दल माझं मत स्पष्ट आहे : तो शेवटचा उपाय. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं, त्यानं उघडा पत्रा गंजतो. त्याच्या थरावर पुढे दुसरा गोंद धड चिकटत नाही. आणि घाईत पाणी जाण्याची भोकंच बुजवली, तर दार टाकीसारखं भरतं.

तेव्हा वळवाच्या आधी एवढं करा. बॉनेट उघडा, वायपरखालच्या जाळीतला पाचोळा काढा आणि दोन्ही टोकांना तांब्या-तांब्या पाणी ओता. ते पुढच्या चाकामागे जमिनीवर पडलं पाहिजे. नाही पडलं, तर बीडिंगवर पैसे घालण्याआधी ती नळी साफ करून घ्या.