डिकीच्या झाकणाचे आधार

मोटारगाडीच्या मागील सामानकक्षाचे म्हणजे डिकीचे झाकण उघडल्यावर ते त्या स्थितीत टिकवून धरणाऱ्या, तसेच ते उचलण्यास व मिटण्यास साहाय्य करणाऱ्या यंत्रणांना डिकीच्या झाकणाचे आधार म्हणतात. टेकू दांडा, खाचेचा सरकता आधार, पीळ दांडा, वायू स्प्रिंग व विद्युत् चलित दांडा हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होणाऱ्या गाडीत झाकणाचे वजन व आधाराचे बल यांचा मेळ आधीच घातलेला असतो. मालकाच्या मागणीनुसार बांधलेल्या वा फेरफार केलेल्या गाडीत मात्र तो नव्याने घालावा लागतो. तो चुकल्यास झाकण डोक्यावर वा हातावर कोसळून गंभीर इजा होऊ शकते.

पूर्वेतिहास : प्रारंभीच्या मोटारगाड्यांत सामानासाठी वेगळा कक्ष नसे; गाडीच्या मागे चौकटीवर पेटी बांधीत. अमेरिकेत सामानकक्षास ‘ट्रंक’ म्हणतात, ते यावरूनच. दोन आसनी गाड्यांत मागील झाकण उघडले असता जे जादा आसन तयार होई, त्यास ब्रिटनमध्ये ‘डिकी’ म्हणत. मराठीतील डिकी हा शब्द तेथून आला. १९३०–४० या दशकात सामानकक्ष गाडीच्या सांगाड्यातच सामावला गेला आणि त्याचे रुंद पोलादी झाकण उघडे ठेवण्याचा प्रश्न निर्माण झाला. बसगाड्यांतही असेच स्थित्यंतर झाले. एस. टी. ची पहिली बस १ जून १९४८ रोजी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) व पुणे यांदरम्यान धावली. पूर्वी प्रवाशांचे अवजड सामान बसच्या टपावर चढवीत. पुढे अनेक बसगाड्यांत ते डिकीत ठेवण्याची सोय झाली.

तत्त्व : आधाराची कार्ये दोन आहेत : (१) झाकणाचे वजन तोलून ते उचलणे सुलभ करणे, म्हणजे संतुलन आणि (२) उघडलेले झाकण खाली येऊ न देणे, म्हणजे धारण. ही कार्ये भिन्न असून पुष्कळ अपघात ती एकच समजल्यामुळे होतात. झाकणाचे वजन व त्याच्या गुरुत्वमध्याचे बिजागरीपासूनचे आडवे अंतर यांचा गुणाकार म्हणजे झाकणाचे परिबल होय. समजा, झाकण १२ किग्रॅ. वजनाचे असून त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ४५ सेंमी. अंतरावर आहे. मिटलेल्या आडव्या स्थितीत त्याचे परिबल सु. ५३ न्यूटन-मीटर भरते. झाकण ६०° उघडल्यावर आडवे अंतर निम्मे होऊन परिबल सु. २६·५ न्यूटन-मीटर राहते. म्हणजे झाकण उचलताना सर्वांत अधिक साहाय्य प्रारंभी लागते, तर धारणासाठी पूर्ण उघडलेल्या स्थितीतील परिबल विचारात घ्यावे लागते.

प्रकार : टेकू दांडा ही सर्वांत जुनी व स्वस्त यंत्रणा होय. एका टोकास सांध्याने जोडलेला दांडा दुसऱ्या टोकाने झाकणातील भोकात अडकवितात. तो संतुलन मुळीच करीत नाही. एका हाताने झाकण पेलून दुसऱ्या हाताने दांडा लावावा लागतो. मात्र नीट बसलेला दांडा काळाने वा थंडीने दुबळा होत नाही. खाचेच्या सरकत्या आधारात झाकण वर नेल्यावर खीळ आपोआप खाचेत पडते व झाकण किंचित उचलल्यावर सुटते. खाच झिजल्यास वा तिच्यात माती साचल्यास खीळ अर्धवट अडकण्याचा धोका असतो.

पीळ दांडा म्हणजे स्प्रिंग-पोलादाची लांब सळई होय. अशा दोन सळया मागील आसनाच्या पाठीशी आडव्या बसविलेल्या असून झाकण मिटताना त्यांना पीळ बसतो व उघडताना तो सुटत जातो. दांड्याचे पीळविरोधी सामर्थ्य त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे ६ मिमी. ऐवजी ७ मिमी. व्यासाचा दांडा घातल्यास ते सु. १·८५ पट होते. सळईचे टोक निरनिराळ्या खाचांत बसवून बल थोडेफार कमी-अधिक करता येते. तथापि ताणलेल्या सळईत साठलेली ऊर्जा मोठी असल्याने हे काम योग्य हत्याराविना करू नये. या दांड्याबरोबर येणाऱ्या हंसमानेच्या आकाराच्या बिजागऱ्या सामानाची जागा अडवितात, हा त्याचा दोष होय. हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर रणगाड्यांच्या चाकांच्या निलंबनात वापरतात. अहिल्यानगर येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयातील ‘विजयंता’ हा रणगाडा पीळ दांड्यांवर तोललेला आहे. रणगाड्याच्या जड झाकणांतही उचलण्यास साहाय्य करणारी स्प्रिंग व उघड्या स्थितीत अडकविणारी कडी या सामान्यतः वेगळ्या ठेवतात. हादऱ्याने झाकण सैनिकावर पडू नये, हा त्यामागील हेतू असतो.

वायू स्प्रिंगमध्ये बंद नळीत उच्च दाबाचा नायट्रोजन व थोडे तेल असून तीत दट्ट्याचा दांडा सरकतो. दट्ट्याच्या दोन्ही बाजूंस वायूचा दाब सारखाच असतो. त्यामुळे मिळणारे बल दाब व दांड्याचे छेदक्षेत्रफळ यांच्या गुणाकाराइतके असते. ८ मिमी. व्यासाच्या दांड्यावर दर चौ. मिमी. ला १० न्यूटन दाब असल्यास बल सु. ५०० न्यूटन येते. जर्मनीतील कोब्लेंट्‌स येथील स्टॅबिलस या कंपनीने १९६२ मध्ये अशा स्प्रिंगांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. मागील दार वर उघडणाऱ्या लहान गाड्यांबरोबर त्यांचा प्रसार झाला. संतुलन, धारण व धक्काविरहित हालचाल ही तिन्ही कार्ये ती करते. परंतु वायू गळू लागताच तिन्ही एकदम क्षीण होतात. विद्युत् चलित दांड्यात चलित्र, मळसूत्र व स्प्रिंग एकत्र असतात. तो सोयीचा पण महाग असून त्यास अडथळा ओळखणारी नियंत्रण व्यवस्था आवश्यक असते.

फेरफाराचे परिणाम : वरील उदाहरणातील झाकणास दोन वायू स्प्रिंगा बसविल्या, प्रत्येकीचे २०° से. तापमानातील बल १६५ न्यूटन व उघड्या स्थितीतील भुजा १० सेंमी. आहे असे मानू. त्यांचे एकूण परिबल ३३ न्यूटन-मीटर होते. झाकणाच्या २६·५ पेक्षा ते पुरेसे अधिक आहे. आता बिजागरीपासून ९० सेंमी. वर, कडेजवळ, २ किग्रॅ. वजनाचा शोभेचा पंखा लावला, तर वजन एक षष्ठांशानेच वाढते. परंतु परिबल एक तृतीयांशाने वाढून ६०° ला सु. ३५·३ होते. शिवाय वायूचे बल निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलते. अहिल्यानगरसारख्या कोरड्या प्रदेशात उन्हाळ्यातील ४०° से. तापमानास त्याच स्प्रिंगा सु. ३५·२ न्यूटन-मीटर परिबल देतात व सांध्यांतील घर्षणाच्या मदतीने झाकण कसेबसे टिकते. हिवाळ्यातील पहाटे १०° से. ला ते सु. ३१·९ वर येते आणि तेच झाकण खाली पडते. उलटपक्षी पोलादी झाकणाऐवजी काचतंतूंचे हलके झाकण घालून जुन्याच स्प्रिंगा ठेवल्या, तर ते झटक्याने उघडते व बिजागरीजवळ चिरते.

निवड व निगा : झाकणाचे वजन व गुरुत्वमध्य प्रत्यक्ष मोजून, सर्व जोडण्या धरून, सर्वांत थंड दिवशी पुरेल असे बल निवडावे. एकाच बाजूस स्प्रिंग लावल्यास झाकण पिळवटते. म्हणून जड झाकणास जोडी वापरावी व बदलतानाही जोडीनेच बदलावी. झाकण मिटलेले असताना दांडा खालच्या बाजूस राहील अशी स्प्रिंग बसविल्यास तेलामुळे गळबंद ओला राहतो. धुळीने दांड्यावर ओरखडे पडल्यास गळती सुरू होते. दांडा मऊ कापडाने पुसावा. स्प्रिंग कधीही उघडू, भोसकू वा तापवू नये. गाडीच्या मूळ रचनेतील बदलांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने मर्यादा घातल्या आहेत, हेही ध्यानात घ्यावे लागते.

क्वचित उघडणाऱ्या हलक्या झाकणास टेकू दांडा, बंदिस्त डिकीच्या गाडीस पीळ दांडा व वर उघडणाऱ्या मोठ्या दारास वायू स्प्रिंगांची जोडी सामान्यतः योग्य ठरते. झाकणाखाली वाकून बराच वेळ काम करावयाचे असल्यास कोणत्याही स्प्रिंगेच्या जोडीला स्वतंत्र यांत्रिक अडसर असावा. कारण स्प्रिंग वजन तोलते, तर अडसर ते अडवून धरतो.