रेल्वे स्थानकालगतचे ‘सार्वजनिक घर’ : ठाण्यातील मामलेदार मिसळ

प्रस्तावना :
‘पब’ हे ‘पब्लिक हाऊस’ या शब्दसमूहाचे संक्षिप्त रूप होय. मद्यविक्री हा इंग्लंडमधील पबचा व्यवसाय असला, तरी परिचित-अपरिचितांना एकत्र बसता येणे हे त्याचे सामाजिक कार्य आहे. घर व कामाचे ठिकाण यांखेरीजच्या अशा जागांना अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘तिसरे स्थान’ म्हटले. ठाण्यात हे कार्य कोणी केले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थानक आणि कचेरी :
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी सुमारे ३४ कि.मी. अंतराची पहिली प्रवासी गाडी धावली. ठाणे हे जिल्ह्याचेही मुख्य ठिकाण असल्याने स्थानक व कचेऱ्या यांभोवती वर्दळ वाढली. स्थानकाच्या पश्चिमेस, नौपाड्यापासून जवळच मामलेदार कचेरी आहे. मामलेदार म्हणजे आजचा तहसीलदार. जमिनीचे उतारे व दाखले यांसाठी येथे येणाऱ्यांचा बराच वेळ प्रतीक्षेत जाई. या कचेरीच्या आवारात १९४६ मध्ये मुर्डेश्वर कुटुंबाने सुरू केलेले उपाहारगृह पुढे ‘मामलेदार मिसळ’ या नावाने प्रसिद्धीस आले.

कायद्याचा परिणाम :
मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये मद्यसेवनासाठी व्यक्तिगत परवाना आवश्यक ठरला. ‘परमिट रूम’ ही संज्ञा त्यातूनच रूढ झाली. पब सार्वजनिक, तर परमिट रूम कायद्याच्या दृष्टीने परवानाधारकांपुरती मर्यादित, हा मूलभूत भेद होय. तथापि, मिसळीची लोकप्रियता केवळ दारूबंदीची देणगी मानता येत नाही. कारण हे उपाहारगृह कायद्याच्या तीन वर्षे आधीचे आहे. स्थानक, कचेरी व माफक दरातील न्याहारी हे घटक अधिक निर्णायक दिसतात. पक्षकार, कारकून, विद्यार्थी व प्रवासी यांपैकी कोणासही येथे परवान्याची अट नव्हती. रश्श्याचा तिखटपणा किती हवा, एवढेच सांगावयाचे असे.

निष्कर्ष :
पबचे सामाजिक कार्य मद्यावर नव्हे, तर मुक्त प्रवेश, अल्प खर्च व नित्य भेट यांवर अवलंबून असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. वास्तूचे वय व शिल्प एवढेच निकष लावल्यास अशी स्थळे वारशाच्या विचारातून निसटतात. म्हणून स्थानक परिसराच्या पुनर्रचनेत सामान्य माणसाच्या बसण्याच्या जागेचाही स्वतंत्र विचार होणे अगत्याचे आहे.