बदलीच्या नोकरीतलं गणगोत

2025 हे साल वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्लींना मान देऊन गेलं आणि त्यांना घेऊनही गेलं. जानेवारीत पद्मश्री जाहीर झाली; 18 जूनला सोलापुरात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. जन्म 5 नोव्हेंबर 1932 चा, तोही सोलापूरचाच. राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा होतो. त्याच्या एका टोकाला चितमपल्लींचा वाढदिवस, दुसऱ्या टोकाला पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. वनखात्यातल्या माणसाच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो.

त्यांच्या आयुष्याचा आढावा सहसा पुस्तकांच्या यादीने सुरू होतो. मला तो माणसांपासून सुरू करावासा वाटतो. सोलापूर म्हणजे मागांचं, उन्हाचं शहर. तिथल्या पोराला रानाची ओढ लागली ती घरातून. आईला झाडापाखरांची माहिती होती, आणि मामाबरोबर रानात हिंडायला मिळायचं. पुढे कोइमतूरला वनविद्येचं रीतसर शिक्षण झालं, पण पाया घरच्यांनीच घातला होता. ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र वाचताना जाणवतं, की ज्याने ज्याने काही शिकवलं त्याचं ऋण या माणसाने कधी बुडवलं नाही.

वनखात्याची नोकरी म्हणजे बदली. घडी बसते न बसते तोच ऑर्डर हातात पडते आणि सामान ट्रकमध्ये चढतं. मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचं औषधपाणी, अडीअडचणीला लांब असलेला दवाखाना, हे सगळं घरच्यांना निभवावं लागतं. जंगलच्या साहेबाबद्दल लिहिताना या ओढाताणीचा हिशेब कुणी मांडत नाही. चितमपल्लींनी या फिरत्या संसारातच आणखी एक गोतावळा जोडला. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट, जिथे गेले तिथे त्यांनी शिकवणारा माणूस शोधला. नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवार भेटले. तळं, झाडं, पाखरं यांची त्यांची जाण कुठल्याही खात्याच्या फायलीत सापडली नसती. साहेबाने पाटलांकडे विद्यार्थी म्हणून बसावं, आणि पुढे ते सारं त्यांच्या नावानिशी लिहावं, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. आपल्याकडे ज्ञान सांगणारा वाटाड्या बहुधा ‘एक आदिवासी’ म्हणून पुस्तकात येतो आणि तिथेच संपतो.

1990 साली ते निवृत्त झाले तेव्हा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे उपसंचालक होते. म्हणून वऱ्हाडाचाही त्यांच्यावर थोडा हक्क आहे. परतवाड्याहून घटांगचा घाट चढून धारणीकडे निघालेली गाडी सेमाडोहला थांबतेच. कुणी द्रोणात रबडी घेतं, कुणी चहा मागवतं. जवळूनच सिपना वाहते. थोडं पुढे कोलकास. खंडू, खापरा, गाडगा, डोलार आणि ही सिपना, अशा पाच नद्या मेळघाटचं पाणी तापीला नेतात. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. आज गाभा आणि बफर मिळून त्याचा पसारा 2,700 चौरस किलोमीटरच्या वर आहे.

निवृत्तीनंतर सुरू झालेली त्यांची दुसरी पाळीही लांब ठरली. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’ नोकरीतच आली होती. ‘रानवाटा’, ‘रातवा’ नंतर आली. पक्षिकोशासारखं चिकाटीचं काम झालं. जुन्या ग्रंथांतली पाखरं ओळखायची म्हणून ते मोठेपणी संस्कृत शिकले आणि हंसदेवाचं ‘मृगपक्षिशास्त्र’ मराठीत आणलं. 2006 मध्ये सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. नागपुरातल्या दीर्घ मुक्कामानंतर शेवटची वर्षंही सोलापुरातच, नातलगांत गेली.

त्यांचं लेखन डोळे मिटून स्वीकारावं असं मात्र नाही. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं त्यात शेजारी शेजारी बसतं. पक्ष्यांची भाषा उलगडणाऱ्या निळावंतीच्या आख्यायिकेचा त्यांना लळा होता, आणि लोकसमजुती ते प्रेमाने नोंदवत. अभ्यासकाने त्या पारखूनच घ्याव्यात. पण त्या कुणी टिपून ठेवल्याच नसत्या, तर पारखायला तरी काय उरलं असतं?

हा प्रश्न मेळघाटला आज जास्त लागू पडतो. 2001 नंतर बोरी, कोहा, कुंड ही गावं गाभ्यातून बाहेर आली. पाठोपाठ आणखी आली. वाघाला मोकळी जागा मिळाली, कुरणं वाढली, आणि लोकांनाही रस्ता, शाळा, दवाखाना जवळ हवाच होता. मात्र कुठल्या नाल्याला मे महिन्यात पाणी राहतं, कुठल्या मोहावर अस्वल येतं, हे पिढ्यानपिढ्या ठाऊक असलेला कोरकू म्हातारा पुनर्वसनाच्या गावात बसला, की त्याची माहिती नातवाच्या कामाची राहत नाही. मोबदल्याच्या यादीत घर, शेत, माणसं मोजली जातात. या जाणकारीसाठी त्यात रकाना नाही.

चितमपल्लींचं स्मारक करायचंच असेल तर पुतळा नको. मेळघाटच्या प्रत्येक परिक्षेत्रात एक वही ठेवावी. वनरक्षकाने म्हाताऱ्या वाटाड्याशेजारी बसून त्याचं सांगणं लिहावं आणि खाली त्याचं पूर्ण नाव घालावं. खर्च वहीपुरता, लागेल तो वेळ, आणि साहेबपण बाजूला ठेवण्याची तयारी.