जुन्या बसचे चालते घर



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता किंवा नव्या कामगार संहिता यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज मी एका वस्तूविषयी बोलणार आहे. शाळेची मुले वाहून वाहून जुनी झालेली बस माणसाला राहण्याजोगे घर कशी होते, त्यात कारागिरी कोणती लागते, कायदा काय म्हणतो आणि असे घर प्रथम कोणाला मिळावे, एवढाच माझा विषय आहे. माझे शिक्षण वर्गात थोडे आणि गॅरेजच्या ओट्यावर जास्त झाले आहे. म्हणून पुस्तकी परिभाषा बाजूला ठेवून फिटर, वेल्डर आणि टिनस्मिथ ज्या शब्दांत बोलतात त्याच शब्दांत मी हे सांगणार आहे.

कल्पना नवी नाही

चाकांवरचे घर ही परदेशातून आलेली चैन आहे, असा आपला समज असतो. वास्तविक आपल्या मराठवाड्यात घिसाड्यांची बिऱ्हाडे पिढ्यान् पिढ्या गाड्यावर हिंडली. भाता, ऐरण, भांडीकुंडी आणि लेकरे सारे त्याच गाड्यावर. ऊसतोडीला निघालेले कुटुंबही चार-पाच महिन्यांचा संसार ट्रकवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लादूनच निघते. फरक एवढाच, की त्यांना ती हौस म्हणून कोणी विकली नाही.

अमेरिकेत १९३९ साली कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात एक परिषद भरली आणि शाळेच्या बसचा पिवळा रंग व बांधणीची मापे तेथे ठरली. या गाड्या मजबूत असतात. शाळेच्या सेवेतून निघाल्या की त्या विकत घेऊन त्यांची घरे करणारी मंडळी तिकडे पुष्कळ आहेत, आणि अशा गाडीला ती लाडाने 'स्कूली' म्हणतात. आपल्या राज्यानेही २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. म्हणजे सरकारदरबारीही ही कल्पना आता ओळखीची झाली आहे.

आपल्या भागातील शाळेची बस कोणती, असे विचारले तर डोळ्यांपुढे येते ती मानव विकास कार्यक्रमाची निळी एस. टी. २०११-१२ पासून राज्यातील १२५ मागास तालुक्यांत, प्रत्येक तालुक्याला ५ याप्रमाणे, मुलींना शाळेत पोचवण्यासाठी या गाड्या सुरू झाल्या. हिंगोली जिल्ह्यातील कितीएक मुली या गाडीमुळेच सातवीच्या पुढे शिकल्या. मात्र या निळ्या गाडीचे घर करावे असे कोणाच्या मनात असेल, तर तो विचार प्रथमच दूर ठेवावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार सरकारी खाती आणि राज्य परिवहन महामंडळे यांच्या १५ वर्षांवरील गाड्यांची नोंदणी पुन्हा होत नाही. त्या नोंदणीकृत मोडीत केंद्राकडेच जातात. पहिल्या खेपेच्या निळ्या गाड्यांची १५ वर्षे आता भरत आली आहेत. तेव्हा घरासाठी बस पाहायची ती खाजगी शाळेच्या मालकीची, नोंदणी जिवंत असलेली आणि तंदुरुस्तीचा दाखला मिळणारी.

पहिला हातोडा मारण्यापूर्वी

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकाला परस्पर करता येत नाही. तसा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे. ज्या गाडीत बसण्याची जागा व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची कपाटे पक्की बसवलेली आहेत तिला मोटर-कॅरव्हॅन म्हणतात, आणि तिच्यासाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे.

तात्पर्य, आधी परिवहन कार्यालय, मग मान्यता असलेला बांधणीकार आणि शेवटी सुतार, हा क्रम आहे. आधी सुतार आणि मग कचेरी असा उलटा क्रम धरणाऱ्याची गाडी अंगणात उभी राहते आणि तिच्यात कोंबड्या राहतात.

चासी आणि वजनाचा हिशोब

गाडी विकत घेताना रंग आणि गाद्या पाहू नयेत. खाली वाकून चासी पाहावी. लोखंडी हातोडीने ठोकले असता खणखणीत आवाज आला तर पोलाद चांगले. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर गंज आत शिरला आहे. पाटे तुटलेले आहेत काय, फरशीखालच्या आडव्या पट्ट्या कुजल्या आहेत काय, टपावरून पाणी गळते काय, एवढे तपासावे. इंजिन दुरुस्त होते, पण कुजलेल्या चासीवर घर बांधू नये.

त्यानंतर येतो वजनाचा हिशोब. आपल्याकडे बसची भारक्षमता काढताना एका प्रवाशाचे वजन ६८ किलो धरतात. ४४ आसनांच्या गाडीत या हिशोबाने सुमारे ३ टन माणसे बसतात. बाके काढली की त्यांचेही वजन कमी होते. म्हणून पुष्कळांना वाटते, की आता हवे ते भरावे. पण २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. स्वयंपाकाचा घरगुती सिलिंडर भरलेला असता सुमारे ३० किलो. दोन मोठ्या बॅटऱ्या १०० किलोच्या घरात. प्लायवुडचा आठ बाय चारचा एकेक तक्ता वीस-बावीस किलो. कपाटे, पलंग, भांडी, माणसे धरली की दीड-दोन टन केव्हा झाले ते कळत नाही. ते चालण्यासारखे आहे. परंतु एक मोठा फरक आहे. प्रवासी आसनांवर सारखे वाटले जातात, सामान मात्र आपण ठेवू तेथे राहते. उजव्या बाजूला टाकी, कपाट आणि ओटा, आणि डावीकडे नुसती गादी अशी मांडणी केली, तर औंढ्याच्या घाटात गाडी कलते. पाण्याची टाकी टपावर तर कधीच बसवू नये. जड वस्तू फरशीलगत, दोन्ही आसांच्या मध्ये आणि दोन्ही बाजूंना तोलून ठेवाव्यात. आपला बैलगाडीवान कडबा भरताना हेच करतो. त्याला कोणी गुरुत्वमध्य शिकवला नव्हता.

ऊन, पाणी, दिवा आणि चूल

मोठ्या बसमध्ये चालकाच्या मागे साधारण पंचवीस फूट लांब आणि साडेसात फूट रुंद जागा मिळते. पाच माणसांना ती पुरते. पण वैशाखात तोच पत्रा तव्यासारखा तापतो. म्हणून आतील अस्तर काढून पत्रा आणि नवे अस्तर यांच्यामध्ये काचलोकर भरावी. स्वस्त म्हणून थर्मोकोल भरू नये. ते झटकन पेटते आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. टपाला पांढरा रंग द्यावा आणि वर दोन झडपा ठेवाव्यात, म्हणजे गरम हवा वरून निघते आणि खिडकीतून थंड येते.

दिव्यासाठी इंजिनाच्या बॅटरीला हात लावू नये. मोठ्या बसची यंत्रणा २४ व्होल्टची असते. घराची बॅटरी निराळी ठेवावी. हिशोब साधा आहे. २८ वॉटचे दोन पंखे रात्री आठ तास चालले तर सुमारे ४५० वॉट-तास. पाच वॉटचे चार दिवे पाच तास म्हणजे १००. दोन-तीन मोबाईल धरून सारे ६०० वॉट-तास झाले. १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीत १,८०० वॉट-तास असतात. निम्मेच वापरावेत, म्हणजे ती टिकते. टपावर ३०० वॉटचा सौर पत्रा बसवला की आपल्याकडच्या उन्हात दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भरते. प्रत्येक तारेला तिचा फ्यूज हवा, आणि पत्र्यातून तार जाते तेथे रबरी कडी हवी. रस्त्याच्या हादऱ्याने तारेचे कवच घासते आणि तेथेच ठिणगी पडते.

चुलीचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर न जाता फरशीवर साचतो. म्हणून सिलिंडरचे कपाट आतून बंद, बाहेरून उघडणारे आणि तळाला भोक असलेले असावे. गाडी चालू असताना चूल पेटवू नये. मुक्कामी उतरून बाहेर स्वयंपाक करता येत असेल तर ते सर्वांत उत्तम.

बाहेर पडण्याची वाट

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एस. टी.च्या खिडकीवर 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही अक्षरे आपण लहानपणापासून वाचतो. घर करताना नेमकी हीच वाट पलंग किंवा कपाट घालून बुजवली जाते. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खाजगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. दरवाजाची बाजू खाली आल्यामुळे बाहेर पडायला वाट उरली नव्हती. ही आठवण ठेवून मांडणी करावी. निजलेल्या माणसाला अंधारात, धुरात, हात लांब केला की उघडेल अशी दुसरी वाट सापडली पाहिजे. खिडकीचे गज काढावेत, काच फोडण्याची हातोडी उशाशी असावी, आग विझवण्याचे नळकांडे दाराशी असावे. ज्या घरातून पळता येत नाही ते घर नव्हे, पिंजरा होय.

हे घर कोणासाठी?

येथवर झाली ती कृती. आता मी माझ्या कामाकडे वळतो. बसमध्ये झोपण्याचा अनुभव या राज्यात कोणाला सर्वांत अधिक असेल? तो मुक्कामी गाडीच्या चालक-वाहकांना. संध्याकाळची शेवटची गाडी खेड्यात पोचते, तेथेच थांबते आणि पहाटे पहिली गाडी म्हणून निघते. या एका गाडीवर गावाचा दवाखाना, बाजार आणि कॉलेज अवलंबून असते. ती चालवणारे दोघे जण दोन बाकांमध्ये फळी टाकून किंवा बाकावर अंग मुडपून निजतात. गाडी हे घर होऊ शकते, हे त्यांना आपल्या कितीतरी आधी कळले आहे. त्या घराला पंखा, पाणी आणि मोरी नाही, हेही त्यांनाच कळले आहे.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याच्या ९ व्या कलमात, कामगारांना रात्री जेथे थांबावे लागते तेथे मालकाने विश्रांतिगृह किंवा अन्य योग्य पर्यायी निवारा द्यावा, असे म्हटले होते. तो कायदा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. 'पर्यायी निवारा' हे शब्द मला मोलाचे वाटतात. ज्या गावात खोली बांधणे जमत नाही, तेथे नीट बांधलेली, पंखा-पाणी-शौचालय असलेली उभी गाडी हा पर्यायी निवारा का होऊ नये? नव्याने बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांना चालकाच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. चालकाच्या देहाला ऊन लागते, हे कायद्याने इतक्या उशिरा का होईना, मान्य केले.

दुसरा हक्कदार ऊसतोड कामगार. सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या तांड्या-वस्त्यांवरून कोयता घेऊन कुटुंबे निघतात आणि फडाजवळ पाचट व ताडपत्रीच्या कोपीत हंगाम काढतात. कोपीला दार नसते, न्हाणीघर नसते, रात्री दिवा नसतो. शंभर कोप्यांच्या तळावर एक गाडी पाणी, दिवा आणि बायांच्या न्हाणीसाठी, आणि दुसरी मागे राहिलेल्या लेकरांना सांभाळण्यासाठी व शिकवण्यासाठी, एवढे जरी झाले तरी हंगामाचे रूप पालटेल. पुण्यात २०१६ पासून महापालिका परिवहनाच्या जुन्या बसगाड्यांची स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे करण्यात आली. म्हणजे ही कल्पना हवेतली नाही.

आणि हे बांधणार कोण? कारागीर आपल्याच दारात आहेत. एस. टी.च्या दापोडी, हिंगणा आणि छत्रपती संभाजीनगरजवळील चिकलठाणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत चासीवर सबंध गाडी उभी करणारे हात पिढ्यान् पिढ्या तयार झाले. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी वाहतूक थांबली, तेव्हा जुन्या प्रवासी गाड्यांची बाके उतरवून त्यांच्या मालगाड्या करण्याचे काम महामंडळाच्याच कामगारांनी केले. ज्या हातांनी काही आठवड्यांत बसचा ट्रक केला, त्या हातांना बसचे घर करणे अवघड नाही. गाडी पंधराव्या वर्षी मोडीत जाणारच असेल, तर दहाव्या-अकराव्या वर्षी, चासी धडधाकट असताना, तिला हे दुसरे काम द्यावे. चार-पाच वर्षे ती सुखाने करील. यासाठी लागेल तो निर्णय, आणि निर्णय मागितल्याशिवाय मिळत नाही.

आपल्या भागाला सार्वजनिक मोटारीचा वारसा मोठा आहे. पुणे-नगर मार्गावर पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी धावली. त्याच्या सोळा वर्षे आधी, १९३२ साली, निजामाच्या रेल्वे खात्याने हैदराबाद संस्थानात २७ बसगाड्यांनिशी सरकारी मोटार वाहतूक सुरू केली होती, आणि मराठवाडा त्या संस्थानात होता. बस ही चार लोकांनी मिळून वापरायची वस्तू आहे, हे आपण तेव्हापासून शिकलो आहोत.

ज्याला स्वतःच्या हौसेसाठी चालते घर बांधायचे आहे त्याने ते अवश्य बांधावे. वजन, हवा, दिवा आणि बाहेरची वाट यांचे नियम त्याच्यासाठीही तेच आहेत. माझे मागणे एवढेच, की ज्यांना गाडीत किंवा गाडीच्या सावलीत निजावेच लागते, त्यांचा नंबर रांगेत पहिला असावा.